कुंपणापाशी परत फिरलेले

३ मार्च, सकाळी ७
नगरपालिकेची नोटीस. तळ्याकाठची पायवाट आमच्या मागच्या कुंपणाशी सुखाने संपते. ती आता पलीकडच्या वस्तीपर्यंत वाढवणार म्हणे. मधली पट्टी कागदोपत्री सरकारी आहे. पण तिच्यावरचे गुलाब माझे, कुंपण माझं, म्हणजे नैतिकदृष्ट्या पट्टीही माझीच. पंचवीस तारखेला जाहीर सुनावणी. एकट्याने हाणून पाडणार.

४ मार्च
बायकोला प्लॅन सांगितला. तिने विचारलं, वाट झाली तर ताईकडे पायी किती वेळ लागेल? (ताई म्हणजे माझी मेहुणी. पाय मोडून तळ्यापलीकडे पडून आहे.) म्हटलं, दहा मिनिटं, पण मुद्दा तो नाही. आत्ता दोन बस बदलून पाऊण तास लागतो, म्हणाली. म्हटलं, मग फोन कशासाठी असतो? उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

६ मार्च
शेजारचे डेंटिस्ट विरोधाच्या अर्जावर सही देईनात. चालायला बरं पडेल म्हणतात. दिवसभर लोकांच्या तोंडात बघणाऱ्याला दूरदृष्टी कुठून येणार! सह्यांचा नाद सोडला. आता डेटा. बत्तीस वर्षं ऑफिसात आवक-जावक सांभाळली आहे. माझ्या नोंदवहीपुढे भलेभले गार झालेत.

८ मार्च
नवी वही, रकाने आखले. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ गच्चीवरून मोजणी. पायवाटेवर कोणी फिरकत नाही हे सिद्ध झालं की खेळ खलास.

९ मार्च
माणसं येतात. बरीच येतात. हरकत नाही, कारण एकजात सगळी कुंपणापाशी येऊन परत फिरतात! म्हणजे पुढे कोणाला जायचंच नाही. हा पॉइंट नगरपालिकेच्या इंजिनिअरच्या बापाला सुचायचा नाही. ‘परत फिरले’ असा वेगळा रकाना, लाल शाईत.

१२ मार्च
खाली उतरून एका पळणाऱ्या इसमाला विचारलं, परत का फिरलात? म्हणाला, वाट संपली. शेऱ्यात तसंच लिहिलं. स्वतःच्या तोंडाने कबुली!

१५ मार्च
हिरवी छत्री आजही, ५.१० ला. रोजची आहे. उन्हामुळे छत्री खाली धरलेली, चेहरा दिसत नाही. कुंपणाला हात लावून पलीकडे बघत उभी राहते, मग परत. शेरा: रिकामटेकडी बाई, घरात कोणी विचारत नसावं. बायको नेमकी याच वेळी भाजीला जाते, नाहीतर तिलाही दाखवली असती.

१९ मार्च
तीन दिवस बटाटेच. रोज बाजारात जाऊन हिला भाजी मिळत नाही म्हणजे कमाल आहे. भाषणाच्या तयारीत होतो म्हणून बोललो नाही.

२४ मार्च
एकूण परत फिरलेले: ३१२. हिरवी छत्री: सोळा दिवस, एकही खाडा नाही. बायकोला म्हटलं, उद्या ये माझं भाषण ऐकायला. येणारच होते, म्हणाली. अभिमान असतो हिला, दाखवत नाही एवढंच.

२५ मार्च, दुपारी ४
वही टेबलावर आपटली. इंजिनिअर पोरगेलासा. पानं उलटत गेला तसा चेहरा खुलत गेला. म्हणाला, पुढे जायची इच्छा असलेले लोक मोजायला आमच्याकडे माणूसच नव्हता, सरांनी तीनशे बारा जण वेळेसकट लिहून दिले. टाळ्या. डेंटिस्ट सगळे दात दाखवून हसले.

मग त्याने हिरव्या छत्रीचा शेरा मोठ्याने वाचला. या बाई कोण, विचारलं.

मागे बायको उठली. मीच ती, म्हणाली. तिथून ताईची खिडकी दिसते. पाचला ताईला खिडकीशी बसवतात, आम्ही एकमेकींना हात करतो.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.

२ जून
कुंपण गेलं. गुलाब कुंड्यांत. वाट आज सुरू झाली. सवयीने गच्चीवर गेलो. ५.१० ला हिरवी छत्री आली. थांबली नाही, पुढे गेली. वहीत त्यासाठी रकाना नाही.

५.२० ला पलीकडच्या खिडकीत बायको दिसली. तिने हात वर केला. मीही केला, चांगला दोन-तीनदा हलवला.

ती पडदा ओढत होती.