बंबकाकांना ना-हरकत पत्र

ती. बंबकाका,

(मायन्यातच गाडी अडली. स्वतःच्या वडिलांना ‘तीर्थरूप’ लिहायचं आणि इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, हे शाळेत छडी खाऊन शिकलोय. तुम्ही सध्या माझे नेमके कोण, ते ठरेपर्यंत नुसतं ‘ती.’ लिहून पुढे सरकतो.) साष्टांग नमस्कार. प्रत्यक्ष वाकलेलो नाही, पण वाकलो असं समजून घ्यावं. तुमची कंबर कशी आहे? प्रशिक्षण केंद्रातली पोरं बंब नीट हाकतात, की तुम्हाला शेजारच्या सीटवर बसून हवेतच ब्रेक दाबावे लागतात? इकडे सगळं क्षेम आहे. आई बरी आहे, मोरीचा नळ तुम्ही गेल्यापासून गळतोय, आणि माझा उजवा हात मनगटापासून सुजला होता तो आता उतरलाय. खरं सांगायचं तर हे पत्र मी तुमच्याशी भांडायला म्हणून लिहायला घेतलं होतं. आधीच्या मसुद्यांत तुम्हाला ‘अहो’सुद्धा नव्हतं. ते मसुदे फाडले. (आईने फाडले.) मुद्दा एवढाच आहे की बाबांच्या मागे आईला मिळणारी पेन्शन आणि बाबांच्या बंबाचे ड्रायव्हर असलेले तुम्ही, या दोन गोष्टी आमच्या एका घरात नांदू शकतात की नाही. हा मुद्दा सगळ्या जगाला ठाऊक होता, मला सोडून. मला तो कसा कळला ते सांगतो. जरा लांबेल, पण तुम्ही तिकडे एकटेच असता, वाचायला वेळ असेल.

तर, वर्षातून एकदा आईला पेन्शनच्या कचेरीत जाऊन आपण जिवंत असल्याचं तोंडाने सांगावं लागतं हे तुम्हाला माहीत आहेच. नुसती मान हलवून चालत नाही. पूर्वी चालायचं, पण एका जुन्या कारकुनाने कुणाच्या तरी मानेचा उलटा अर्थ लावला आणि एका धडधाकट बाईला वर्षभर मयत करून ठेवलं. तेव्हापासून प्रश्न मोठ्याने, उत्तर मोठ्याने, आणि जिचं काम आटपलं तिने बाजूला थांबून पुढचीची साक्ष द्यायची, की हो, मी हिला ओळखते, ही तीच आहे. रांग एकच असते, पण बाकं दोन. एकावर पोलिसांच्या घरच्या बायका, दुसऱ्यावर बंबवाल्यांच्या. असा नियम कुठेही नाही, तरी चुकूनसुद्धा कुणी बाक बदलत नाही. पोलिसांचं बाक म्हणतं, आमची माणसं आधी पोचायची. आपलं बाक म्हणतं, पोचून गर्दीबरोबर बघत उभी राहायची. मग दोन्ही बाकं हसतात, एकमेकींना चहा पाजतात, गुडघ्यांची विचारपूस करतात. जिथे प्रत्येकीच्या घरातला माणूस कामावर गेला आणि परत आला नाही, तिथे एवढं हसू कुठून येतं हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. (शिकवलं असेल तर मी तोवर बाहेर पडलो होतो.)

आता खिडकीकडे येतो. एरवी तिथे एक कायम सर्दी झालेले गृहस्थ असायचे. यंदा तिथे ती होती. ती म्हणजे पोलिसांच्या बाकावरच्या हवालदारीणबाईंची मुलगी. हवालदारसाहेब चोरांचा पाठलाग करताना गेले, आणि आता तिला त्यांच्या जागी कचेरीत नोकरी लागली आहे. काका, मी शाळेत असल्यापासून दरवर्षी एक दिवस तिला समोरच्या बाकावर पाहत आलोय. लोकांचं वर्ष कॅलेंडर बदललं की सुरू होतं, माझं त्या हॉलमध्ये सुरू होतं आणि तिथेच संपतं. आजवर आमच्यात एकूण बोलणं झालं ते असं, की एकदा तिने विचारलं पंख्याचं बटण कुठलं, आणि मी दिवा लावला. अशी ती, डोळ्यांवर चष्मा, समोर काच, काचेला खाली अर्धगोल भोक, आणि चेहरा असा की जणू मला जन्मात पाहिलेलं नाही. आमच्या पुढे नेमका तिच्या आईचाच नंबर होता. तिने स्वतःच्या आईला ठणकावून विचारलं, तुम्ही हयात आहात का. हवालदारीणबाई म्हणाल्या, घरी चल, मग दाखवते. पुढचा प्रश्न, पुनर्विवाह केला आहे का. त्या म्हणाल्या, आधी तुझा तर होऊ दे. (या वाक्याला मी कानापर्यंत लाल झालो. कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या प्रेमाचा इतिहास थोडक्यात हाच आहे.)

मग आई पुढे झाली. साक्षीला बाजूला हवालदारीणबाई. हयात का, विचारलं. आई म्हणाली, आहे. पुनर्विवाह केला आहे का, विचारलं. आईने पदर सारखा केला, काचेतून पलीकडे पाहिलं, आणि भाजीवाल्याला सुटे नाहीत म्हणून सांगावं तितक्या सहज म्हणाली,

“अजून नाही.”

दोन्ही बाकांनी माना वळवल्या. काचेपलीकडे मुलीचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. अखेर हवालदारीणबाईंनी घसा खाकरला.

“‘नाही’ची साक्ष मी देते बाई. ‘अजून’चं तिचं तिला माहीत.”

काका, तुम्ही मला ओळखता. माझं डोकं तापायला काडी लागत नाही, काडेपेटी नुसती दिसली तरी पुरते. मला वाटलं, हा प्रश्न आईच्या इतका जिव्हारी लागला की तिच्या तोंडून भलतंच उत्तर निघालं. मी ओरडलो, की आगीत गेलेल्या माणसाच्या बायकोला हे विचारायची लाज वाटत नाही का. आवाज इतका चढला की मागच्या दालनातले लोक जेवणाचे डबे घेऊन बघायला आले. आणि ज्या पुठ्ठ्यावर बघून ती प्रश्न विचारत होती, तो पुठ्ठाच हिसकावून घ्यायचा म्हणून मी त्या अर्धगोल भोकातून हात आत घातला. पुठ्ठा हाती लागला. हात मात्र बाहेर येईना. मूठ सोडली असती तर आला असता, पण मूठ सोडणं म्हणजे माघार, आणि माघार कशी घ्यायची, ती समोर बसलेली. मी ओढतोय, काच थडथडतेय, मनगट सुजतंय. शिपायाने येऊन अगदी अदबीने विचारलं, साहेब, बंब बोलवू का? आपल्या बाकावरच्या बायका तोंडात पदर कोंबून हसल्या, आणि त्यांत माझी सख्खी आईही होती.

खिडकीतली ती मात्र हसली नाही. ती उठून आतून हात धुवायचा साबण आणि पाण्याचा पेला घेऊन आली, माझं एकेक बोट उघडून पुठ्ठा काढून घेतला, आणि मनगटाला साबण लावायला लागली. (या ठिकाणी मला स्वर्ग वगैरे लिहायचं होतं. पण साबण फिनेलच्या वासाचा होता.) साबण लावता लावता तिने पुढचे प्रश्न विचारून घेतले, कारण मुलाचे प्रश्न राहिले होते आणि मुलगा काही पळून जाणार नव्हता. शिक्षण चालू आहे का? खोटं बोलायचा विचार मनात आला होता, पण ज्याचा हात तिच्या टेबलावर आहे त्याने काय खोटं बोलावं. सोडलं, म्हणालो. मग तिने हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं सांगितलं, की आईंनी लग्न केलं तर त्यांचा हक्क संपतो, पण मुलगा शिकत असेल तर पंचविशीपर्यंत तीच पेन्शन मुलाच्या नावावर येते. शिकत नसेल तर खातं कायमचं बंद. “तुम्ही शिकत असतात तर बरं झालं असतं,” ती म्हणाली, आणि माझा हात सुळकन बाहेर काढून माझ्या स्वाधीन केला.

मी कॉलेज का सोडलं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आता सांगतो. रसायनशास्त्राचे सर वर्गात म्हणाले, आग ही वस्तूच नव्हे, ती नुसती एक प्रक्रिया आहे. मी उठून म्हणालो, मग माझ्या बाबांना कुणी नेलं, प्रक्रियेने? आणि दाणदिशी दार आपटून बाहेर पडलो. फक्त ते दार बाहेरचं नव्हतं, चंबूपात्रं ठेवायच्या कोठीचं होतं. परत वर्गातून चालत जायचं तर सगळा रुबाब धुळीला मिळाला असता, म्हणून तास संपेपर्यंत आत उभा राहिलो. मग घरी आलो तो आलोच.

कचेरीतून घरी चालत येताना मी आईवर भडकलो. एवढी मोठी गोष्ट, आणि मला का नाही सांगितली. ती म्हणाली, “सांगितली असती तर हात कशात घातला असतास?” मी सुजलेला हात खिशात घातला. मग तिनेच सांगितलं, की प्रशिक्षण केंद्रावर जायच्या आदल्या दिवशी तुम्ही नळाचा वायसर बदलता बदलता तिला लग्नाचं विचारलंत, आणि तिने विचार करते म्हटलं. (वायसर नीट बसला नाही तो यामुळेच. माझी तक्रार नाही.) मी म्हणालो, शिवणकामावर आपलं भागतं, पेन्शन गेली तर गेली. तेव्हा ती रस्त्यातच थांबली.

“भागेल रे. पण तुझे बाबा अजून दर महिन्याला घरी काहीतरी धाडतात. ते मी माझ्या हाताने बंद करू?”

काका, मी तिची पिशवी माझ्या डाव्या हातात घेतली आणि चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, बाहेरचं दार डावीकडे आहे, विसरला असशील तर. मी म्हणालो, परत यायचंय. त्यांनी विचारलं, आग प्रक्रिया आहे हे मान्य आहे? मी म्हणालो, आहे, पण वाईट चालीची आहे. ते बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत बसले आणि म्हणाले, त्या दिवशी मला असं बोलायला नको होतं. मग लगेच सर झाले आणि म्हणाले, हे वाईट चालीचं वगैरे पेपरात लिहू नकोस. उद्यापासून वर्गात बसतोय. नाव लागलं की कचेरीत तसा दाखला द्यायचा, म्हणजे बाबांचं धाडणं माझ्या नावावर चालू राहील आणि आई मोकळी. दाखला मी स्वतः नेणार आहे, टपालाने पाठवणार नाही. (कारण सुज्ञांस सांगणे न लगे.)

तेव्हा सर्व बाजूंनी विचार करून मी आपणांस कळवतो की माझी हरकत नाही. अटी अशा, की मी तुम्हाला बाबा म्हणणार नाही, आणि बाबांचा फोटो आहे तिथेच राहील. खरं तर तो मी उतरवला असता तरी तुम्हीच परत लावला असतात हे मला माहीत आहे. दरवर्षी तुम्ही आम्हाला कचेरीत सोडायचात आणि स्वतः बाहेर झाडाखाली उभे राहायचात. मला वाटायचं, माणूस घुम्या आहे. परवा आई म्हणाली, तुझे बाबा आत गेले त्या दिवशी जळत्या गुदामाबाहेर बंबापाशी थांबणं हे त्यांचं काम होतं रे, आणि तेव्हापासून ते सगळीकडे बाहेरच थांबतात. आता पुरे. आमच्याकडे दार आहे, आणि ते कोठीचं नाही. कंबर सांभाळून या.

आपला (कोण ते वर म्हटल्याप्रमाणे अजून ठरायचंय),
भडकू

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुम्ही आलात की पहिलं काम म्हणजे हवालदारीणबाईंकडे जाऊन माझ्यासाठी त्यांच्या मुलीला मागणी घालायची. आपल्या घरात दुसरा कुणी बाप्या माणूस नाही, आणि माझ्या तोंडून निघालं तर मागणीचं भांडण होईल. मुलीला विचारलंय का, असं तुम्ही विचाराल. नाही विचारलं. तिने माझ्या हाताला साबण लावला यातून मी काही अर्थ काढला आहे. तो चूक असला तर हवालदारीणबाई सांगतील, त्यांचा आवाज मोठा आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आत आईने पत्र वाचलं. हसून हसून तिला खुर्चीत बसावं लागलं. म्हणते, ना-हरकत तुझी मागितली होती कुणी? मी सरांकडून परत आलो त्याच संध्याकाळी तिने म्हणे तुम्हाला फोन करून हो सांगितलं, आणि तुम्ही येत्या शनिवारी निघताय, तिकीटही काढलंय. हे तुम्ही दोघांनी मला सांगितलं नाहीत याबद्दल समोरासमोर बघून घेऊ. तूर्तास या पत्रातला सगळा मजकूर रद्द समजावा, फक्त पहिला ता. क. सोडून.