विंगेतला आवाज

२ मे ०४
…आणि म्हणूनच म्हणते, कव्हरवर ५.१ सराउंड छापलं म्हणजे साउंड चांगला होत नाही. दादाने मुंबईहून आणलेली जुन्या पिक्चरची डीव्हीडी बघितली. कॅसेटवर साधा मोनो होता, पण शब्द न् शब्द कळायचा. आता घोडे मागून पळतात आणि हिरॉईन काय बोलते ते ऐकायला व्हॉल्यूम फुल. टेपची खरखर, ती हिस्स, काढता काढता लोकांचे श्वासपण काढलेत. मैत्रीण प्राचीला नाही पटत. "चकाचक आहे ना पण!"

६ मे
भाऊकाका गावच्या उत्सवातल्या नाटकाची व्हीएचएस देऊन गेले. मी जन्मले त्याच्या आसपासची. त्यात ते राजा झालेले. सीडी करून मंडळात वाटायची. "तू कंप्युटरवाली ना? थिएटरसारखा साउंड कर." माझं पहिलं रिमास्टर!!

७ मे
टेपला बुरशी. पुसून पुसून एकदाच कंप्युटरवर कॅप्चर झाली, शेवटी व्हीसीआरने ती चावलीच. आता जे आहे ते फक्त माझ्या हार्ड डिस्कवर.
कॅमेरा सलीमचाचांचा, कतारहून आणलेला. वायर पुरेना म्हणून विंगेला चिकटून ठेवलेला. त्यामुळे सगळ्यात क्लिअर आवाज प्रॉम्प्टरचा. म्हणजे शेजारच्या आपाकाकांचा. राजाचं प्रत्येक वाक्य आधी ते बोलतात, मग राजा. आई आणि मी हसून हसून…
मग माझ्या लक्षात आलं, आपाकाकांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकतेय. मला आठवतंय तेव्हापासून त्यांच्या गळ्याला भोक आणि वर रुमाल. कॅन्सरचं ऑपरेशन. पाटीवर लिहून बोलतात.

९ मे
भाऊकाकांचा फोन. "आपाला काढ. मला पाठ नव्हतं असं वाटेल लोकांना." (नव्हतंच.)
काढला. एकेक वाक्य कापून तिथे पडदा उघडायच्या आधीची कुजबुज, रातकिडे चिकटवले. सांधा कळत नाही. आता राजा प्रत्येक उत्तराआधी बराच वेळ विचार करतो. आई : "भाऊ एवढा विचारी कधी होता गो?"
पण मिक्स मेलेलं वाटतंय. त्या डीव्हीडीचाच रोग.

१२ मे
आपाकाका-काकींकडे दोन्ही सीडी लावल्या. आधी ओरिजिनल. काकी फणस कापत होती, तेलाचे हात तसेच राहिले. "अशीच हाक मारायचे गो हे, गडग्यापलीकडून."
काकांनी पाटी वर केली : बंद कर.
मग साफ केलेली. ती पूर्ण बघितली. राजाच्या आधी काकांचे ओठ हलत होते. पाटीवर : हे बरोबर. ऐकू आला तो प्रॉम्प्टर कसला?
पुसून खाली : आधीचं नको ठेवू. कोणाला देऊ नको.
मी म्हटलं, माझ्यापुरतं राहू दे ना. परत लिहिलं : वचन दे.
दिलं. काय करणार.

१३ मे
काकी मागच्या दाराने गरे घेऊन आली.
"ती पहिली सीडी दे मला. ह्यांना सांगू नको."
"काकी, मी वचन दिलंय."
"तू दिलंस. मी नाय दिलं."
दुसरी कसली कॅसेट नाही का, विचारलं. "आपल्या घोवाचा आवाज कोण भरून ठेवतंय, बाय? रोज घरात होता."
मग म्हणाली, "दुपारचे झोपतात, तेव्हा लावीन. बारीक ठेवीन."
त्यांना वाईट वाटेल म्हटलं.
"वाटेल. पण ते बोलायचे नि ऐकायचे मी. अर्धा माझा पण ना गो?"
उद्या सांगते म्हटलं.

१७ मे
काकीला चार दिवस काही सांगितलं नाही. साफ सीडी मंडळात गेली. भाऊकाका खूश. "काय पॉज घेतलेत बघ मी!"
संध्याकाळी आपाकाका मधल्या दगडी गडग्याशी उभे. हाताने पाटी पुसल्याची खूण केली. म्हणजे, पुसलंस ना? मागे काकी कपडे काढत होती, तिने वळून बघितलं. मी मान हलवली, हो आणि नाहीच्या मधली.
पहिली सीडी आणि तिची फाइल अजून माझ्याकडेच. फाइलचं नाव ठेवलंय आपा_ओरिजिनल. सीडी मोडून डिलीट दाबलं तर तो आवाज कुठेच नाही. काकीला दिली तर वचन गेलं, आणि दुखणं त्यांच्या गळ्याचं, ठरवणारी मी कोण.
कधी कोणाला ही पानं वाचायला दिली तर त्यानेच सांगावं. तू असतास तर काय केलं असतंस?