मी मोजलेले तीस मिलिसेकंद

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९:१०
आजपासून ऑफिसात आवाज चढवायचा नाही. ठरलं.

९:२५
चढला. कारण होतं. आमच्या लिफ्टच्या दाराचं नवं युनिट बाहेरच्या कंपनीकडून तपासायला आलंय आणि सोबत पत्र, की आमचं युनिट वेळेत उत्तर देतं. वेळेत देतं की नाही ते मी ठरवणार. बत्तीस वर्षं दुसरं काय केलं? पत्राखाली सही माझ्या नणंदेची. तीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढून आत्ता कुठे विभागप्रमुख झालीय, तर लगेच पत्रं.

दुपारी ४
नियम साधा आहे. आमचा कंट्रोलर वायरवरून सांगतो, दार उघड. तिच्या युनिटने वीस मिलिसेकंदांच्या आत कळवायचं, ऐकलं. सगळा संवाद रेकॉर्ड होतो आणि टाइमलाइनवर दिसतो: प्रत्येक मेसेजची एक उभी रेघ. दोन रेघांवर दोन खुणा ओढायच्या, मधलं अंतर स्क्रीन सांगते.
तीस आलं. परत मोजलं. तीस.
मनातून बरं वाटलं असं मुळीच नाही.

मंगळवार, ५ मार्च
चाळीस ठिकाणी मोजलं. तीस, तीस, साठ, तीस. मधलं काही नाहीच. इतकी शिस्तशीर दिरंगाई म्हणजे मुद्दाम केलेली. काही ठिकाणी शून्य आलं. ते रेकॉर्डिंगमधले दोष, ते सोडून दिले.
पूर्वी कागदाच्या पट्टीवर आलेख निघायचा आणि आम्ही स्टीलची पट्टी लावून मोजायचो. शाळेत सिस्टर फूटपट्टीने आधी वहीचा समास मोजायच्या, मग आमची बोटं. तिथून आलेला नेमकेपणा आहे हा. आता कुणाला त्याचं काय.

सायंकाळी ६
रिपोर्ट पाठवला. साहेब, साहेबांचे साहेब, तिची कंपनी, लिफ्ट घेणारं हॉस्पिटल, सगळ्यांना. 'नापास' हा शब्द ठळक केला. रागाने नाही. वाचायला सोपा जावा म्हणून.

बुधवार, ६ मार्च
नणंदेचा फोन. तिने विचारलं, वहिनी, टाइमलाइन किती मोठी करून बघितलीत? मी सांगितलं, मी अख्खं मिनिट एका नजरेत बघते, तुकडे पाडून बघायची सवय मला नाही. ती म्हणाली, बरं. तिचं हे 'बरं' मी लग्नापासून ऐकतेय. भांडली असती तर परवडलं असतं.
रात्री जेवताना हे म्हणाले, एकदा झूम करून बघायला काय जातं? म्हणजे सख्खा भाऊ तो भाऊच राहिला. मग म्हणाले, युनिट परत पाठवलंत तर तिचा विभाग बंद होईल, अकरा माणसं आहेत. मी म्हटलं, मग नीट बनवायचं होतं. भाजी पुढे सरकवली ती जरा जोरात सरकली. टेबलाचा पाय डुगडुगतो.

गुरुवार, ७ मार्च
साहेब म्हणाले, दुसऱ्या कंपनीचा भाव मागवतोय, पण तुमची खात्री आहे ना? बत्तीस वर्षांनी हा प्रश्न. मी म्हटलं, सही केलीय ती झोपेत केली का?
उद्या नणंद स्वतः येणार. ठरवलंय: चहा विचारायचा, खुर्ची द्यायची, पण माउस द्यायचा नाही.

शुक्रवार, ८ मार्च. दुपारी १२
माउस दिला. साहेब शेजारी उभे होते.
तिने चाक फिरवलं. माझी ती मिनिटभराची टाइमलाइन पसरत गेली, पसरत गेली, आणि जिथे मला जेमतेम चिकटलेल्या रेघा दिसत होत्या तिथे चांगली ऐसपैस जागा निघाली. खुणा ओढल्या. बारा. पुढची, अकरा. पुढची, बारा.
तिने हळू आवाजात साहेबांना समजावलं. अख्खं मिनिट एका स्क्रीनवर घेतलं, की एक ठिपका म्हणजेच तीस मिलिसेकंद. त्याहून लहान अंतर दिसणारच नाही. रेघा शेजारच्या ठिपक्यांवर पडल्या तर तीस, एकाच ठिपक्यावर पडल्या तर शून्य. आणि साठ कुठून, असं साहेबांनी विचारलं. तेव्हा ती म्हणाली, हात हलतो कधीकधी, माझाही हलतो.
तिचा हलत नाही. मी बघत होते.

दुपारी ३
तत्त्वतः माझं मोजमाप बरोबर होतं. ठिपका मोठा होता. ठिपका मी बनवलेला नाही.

५:३०
दुरुस्तीचा ईमेल. पहिल्या मसुद्यात 'सॉफ्टवेअरची मर्यादा'. दुसऱ्यात 'पद्धतीतील किरकोळ फरक'. तिसऱ्यात ठिपक्यावर दोन परिच्छेद. चौथा पाठवला: 'युनिट पास आहे. माझी चूक झाली.' सगळ्यांना. हॉस्पिटललासुद्धा.
तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं, फक्त मला. वहिनी, हॉस्पिटलला लिहायची गरज नव्हती, मी सांभाळलं असतं.
हिच्यावर चिडायची सोयच हिने ठेवलेली नाही. याच गोष्टीची सगळ्यात जास्त चीड येते.

६:१५
साहेबांचं पत्रक. सोमवारी दहा वाजता संपूर्ण लॅबसाठी टाइमलाइनचं प्रशिक्षण. शिकवणार नणंद. यादीत पहिलं नाव माझं, सेवाज्येष्ठतेनुसार.
जाणार नाही. ताप येईल. हक्काच्या बावीस रजा शिल्लक आहेत.

सोमवार, ११ मार्च. सकाळी ९:४०
पहिल्या रांगेत बसलेय. मागून पडदा नीट दिसत नाही.