अंगाऱ्याचं वाक्य

उइटहॉर्न (नेदरलँड्स), ६ एप्रिल २०२५

चि. मृदुला हिस,
अ. उ. आशीर्वाद.

फोन यतीन आला की तोच लावून देतो आणि लेकासमोर हे बोलवत नाही, म्हणून लिहिते. तुझं अक्षर डॉक्टरांच्या संगतीने पार बिघडलंय. मागचं पत्र निम्मं अंदाजानेच वाचलं.

ह्यांना जाऊन साडेतीन आठवडे झाले. आतड्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. मानेच्या शिरेत नळी होती, तिच्या वाटेने जंतू रक्तात गेले, असं हॉस्पिटलनेच सांगितलं. उपचारात काही चुकून माणूस गेला असेल, तर इथे सरकारी निरीक्षकांना कळवावंच लागतं, तसा कायदा आहे. मग हॉस्पिटल चौकशी करतं आणि घरच्यांनाही विचारतं. मला सोळा तारखेला बोलावलंय.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते. कुलदेवीचा अंगारा तू इकडे येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर तातडीने पाठवलास, पुडीवर ‘दुखतं तिथे लावा’ असं लिहून. ह्यांना नळीपाशीच दुखत होतं. वरच्या पट्टीचा कोपरा सुटलेला होता. मी कपाळाला अंगारा लावला आणि तिथेही बोट टेकवलं. नर्सबाईंना कशाला त्रास, म्हणून कोपरा मीच दाबून बसवला. तिसऱ्या दिवशी ताप भरला.

झोप लागत नाही असं लिहिणार नाही, लागते. जाग आली की आठवतं, एवढंच.

तुझी,
कुमुदिनी वहिनी

नाशिक, २४ एप्रिल

ती. वहिनींस,
मृदुलाचा नमस्कार.

पाकिटावर सवयीने ‘सौ.’ लिहून गेले. मग पाकीट बदललं.

पत्र पोचलं तोवर सोळा तारीख उलटून गेली होती. बोलला नसाल तर आता बोलू नका. एकतीस वर्षं आयसीयूत नर्स म्हणून काढली आहेत मी. त्यांना एक नाव हवं असतं, आणि तुम्ही ते आयतं हातात द्याल. आमच्याकडे नळीच्या तापाचा आकडा दर महिन्याला वर पाठवायचा असतो. मागायला लागल्यापासून तो शून्य आहे. मार्चमध्ये त्याच तापाने दोघं गेले. कागदावर एक न्यूमोनियाने गेला, दुसरा वयाने. तो कागद मीच भरते. पूर्णिमा नावाच्या नव्या सिस्टरने एकदा खरं लिहिलं, तर हात न धुणारी म्हणून तिचंच नाव झालं.

अंगाऱ्याबद्दल काय लिहू? माझा एकच दादा होता. जेवण जातंय ना? एकटीसाठी वरणभात लावायचा कंटाळा करू नका.

तुमची,
मृदुला

उइटहॉर्न, १९ मे

चि. मृदुला,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचायच्या आधीच मी सांगून बसले होते. पण पोचलं असतं तरी ऐकलं असतंच असं नाही.

टेबलाच्या पलीकडे मारलूस नावाची नर्स होती, तुझ्या स्वानंदीएवढी, पंचविशीची असेल. आधी तीच बोलली. पट्टी सुटलेली तिने दोनदा पाहिली होती, पण दुसरीकडे घंटा वाजली आणि ते राहून गेलं, असं म्हणाली. तिच्यानंतर मला गप्प बसवेना. खोलीत कुणी ओरडलं नाही. लिहून घेतलं.

कच्चा अहवाल आलाय, शब्दकोश घेऊन तीनदा वाचला. नळी पाचव्या दिवशी निघायला हवी होती, ती आठ दिवस राहिली. आज ती हवी आहे का, हे रोज विचारायचं असतं, ते कुणी विचारलं नाही. पट्टी बदलली नाही. आणि एक वाक्य आहे, की पत्नीने त्या जागी पवित्र राख लावली. जंतू यातल्या कशाने गेले ते सांगता येत नाही, असं शेवटी आहे. म्हणजे ते मला कधीच कळणार नाही.

ते वाक्य वगळायचं असेल तर तेरा जूनपर्यंत कळवा, असं म्हणालेत. वगळ, नाहीतर सगळे त्याच्याआड लपतील, असं यतीनचं म्हणणं आहे. तो राहतो ते नीउ-व्हेनेप काही लांब नाही, पण तो दोन रविवार आलेला नाही. मला वाटतं, ते काढलं तर माझाही कागद तुझ्यासारखाच झाला. लागेल तुला हे, पण लिहिलं.

राख कुणी पाठवली ते मी सांगितलं नाही. निश्चिंत राहा.

कुमुदिनी वहिनी

नाशिक, ८ जून

ती. वहिनी,
नमस्कार.

पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून या पत्राचा फोटो यतीनच्या फोनवर पाठवते आहे. त्यालाही वाचू दे.

लागलं. दोन दिवस तुमच्यावर राग धरला. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर एका म्हाताऱ्याची पट्टी बदलत होते. त्याच्या सुनेने ताईत पुढे केला, तेव्हा मी तिचा हात झटक्याने बाजूला केला आणि तिला बोल बोल बोलले. इतकं मला येतं, वहिनी. परक्या माणसासाठी येतं. दादाची नळी कुठे आहे ते तुम्ही फोनवर सांगितलं होतंत. त्यानंतर मी ती पुडी बांधली.

तुम्हाला सांगू नका म्हटलं, त्यात माझी भीती किती होती ते आता तरी कबूल करते.

ते वाक्य काढू नका. अपुरं आहे, पुरं करा. राख पाठवणारी मृताची बहीण होती, एकतीस वर्षं आयसीयूत नर्स होती, आणि नळीजवळ काही लावायचं नसतं हे तिला माहीत होतं. माझं पूर्ण नाव घाला.

माया आधीसारखी ठेवा असं मागायची सोय मी ठेवलेली नाही. जमेल तेव्हा चार ओळी लिहा.

मृदुला