बोअर मोठा करायचा आहे

सोमवार, ४ मार्च
हिच्या हॉस्पिटलचा चढ आला आणि मोटरसायकलने मान टाकली. हिला नेहमीप्रमाणे म्हटलं, उतर जरा. ती उतरून चालायला लागली. पोचेपर्यंत लेट मार्क. या महिन्यात लॅबची इन्चार्ज ठरणार आहे, आणखी एक लेट झाला की नाव कटलं, हे तिने दोनदा ऐकवलं.
पण ती उतरल्यावरही गाडी रडतखडतच चढली. म्हणजे दोष हिच्या वजनाचा नाही. मी न्यायी माणूस आहे. दोष इंजिनाचा.
निर्णय: बोअर मोठा करायचा. सिलिंडरचं भोक आतून कापून रुंद करून घ्यायचं, सत्तावन्न मिलिमीटरचा पिस्टन काढायचा, बासष्टचा टाकायचा. दीडशे सीसीची गाडी एकशे सत्त्याहत्तरची होते. लोकांना एकशे ऐंशी सांगायचं.

मंगळवार, ५ मार्च
हिला प्लॅन समजावला. बोअर म्हणजे काय, इथपासून. पाऊण तासाने म्हणाली, घरात एक बोअर आहे तेवढा पुरे. टेक्निकल गोष्टी हिच्या डोक्यावरून जातात. लॅबमधली मशीनं चालवते म्हणा, पण ते वेगळं.
वर म्हणे, गाडी मी चालवते, तुम्ही मागे बसा. लग्नाआधी वडिलांची चालवायची म्हणे. हसलो.

शनिवार, ९ मार्च
नवीन किट बजेटच्या बाहेर. जुन्या बाजारात बासष्टचा पिस्टन मिळाला. विकणारा म्हणाला, डोळे झाकून टाका. असा विश्वास देणारी माणसं आता राहिली नाहीत.
पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घेतलं. हल्ली चामडं फार आटतं.

रविवार, १० मार्च, दुपार
पार्किंगमध्ये इंजिन खोललं. बोल्ट हिच्या साखरेच्या डब्यात ठेवले. साखर वेगळी काढली होती, तरी बोलणी खाल्ली.
घरमालक तावातावाने खाली आले. फोनवर मी म्हणालो होतो, बोअर मोठा घ्यायचाय. ते त्यांनी वरून ऐकलं. माझ्या जागेत न विचारता बोअर? किती? म्हटलं, बासष्ट. तेव्हा नरमले. म्हणाले, बासष्टला पाणी लागत नाही हो, दोनशे फूट तरी जा, निम्मा खर्च मी देतो. निम्मा खर्च ऐकून क्षणभर मोह झाला. शेवटी खरं सांगितलं. तेव्हापासून बोलत नाहीत.

सोमवार, ११ मार्च
गाडी नाही म्हणून ही बसने गेली. दहा मिनिटं आधी पोचली. योगायोग.

शुक्रवार, १५ मार्च
सलग पाचवा योगायोग.

शनिवार, १६ मार्च
लेथवाल्याने सिलिंडरचा ब्लॉक हातात घेतला, मोजला, परत दिला. म्हणाला, एवढं कापलं तर भिंत पत्र्याएवढी उरेल, पहिल्याच चढाला तडकेल. आणि साहेब, हा पिस्टन मोटरसायकलचा नाहीच. पाण्याच्या पंपाच्या इंजिनाचा आहे.
घरमालकांना विचारून बघावं का? नको.

शनिवार, २३ मार्च
मेकॅनिकने जुनाच पिस्टन घालून इंजिन बांधलं. काहीही झिजलं नव्हतं म्हणाला. बोलताना गाडीकडे कमी आणि माझ्या पट्ट्याकडे जास्त बघत होता. अनुभवी माणूस, गिऱ्हाईकही पारखतो.
ट्रायलला चढावर गेलो. ही पण आली. मी एकट्याने चढवली, गाडी रडली. मेकॅनिक म्हणाला, वहिनींना एकदा एकटीने चढवू द्या. मी म्हटलं, झेपणार नाही. तोवर ही किक मारून निघालीसुद्धा. तिसऱ्या गिअरमध्ये वर. तिथून हॉर्न वाजवला, तोही दोनदा.
मेकॅनिक म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे. बाकी तुम्ही समजदार आहात.
वाऱ्याची दिशा बघायला हवी होती.

सोमवार, १ एप्रिल
ही इन्चार्ज झाली. मनापासून आनंद झाला, पेढ्याचा निम्मा बॉक्स मीच संपवला.
गाडी आता ती चालवते, तात्पुरती. आज चढाखाली थांबली आणि मागे न बघता म्हणाली, उतरा जरा. अगदी माझ्याच सुरात. उतरलो. दोनदा थांबलो, एकदा दृश्य बघायला, एकदा नुसताच. वर ती हेल्मेट हातात घेऊन उभी होती. लाज वाटली.
विषय बदलायला म्हणालो, चढ चारशे दहा पावलांचा आहे, मोजला मी.
ती म्हणाली, माझी पाचशे बारा होतात. दोन वर्षं.
आणि हजेरी लावायला आत गेली. बोअरचा विषय बंद.