यंदाचा नाताळ आम्ही उघड केला

मु. पो. डोंगरकडा, ता. कळमनुरी
४ जानेवारी

श्रीयुत व्याहीबुवा प्रभूराव यांना नामाजीचा नमस्कार. (रामराम लिहावा की आपल्याकडचा सलाम, यात दोन कागद खराब झाले. नमस्कार कुणाला टोचत नाही, म्हणून तो लिहिला.) आम्ही सगळे खुशाल आहोत. आपला गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंनी साखर सोडली होती, ती अजून सोडलेलीच आहे काय? सुकन्या आईशी फोनवर बोलते तेव्हा आम्ही मुद्दाम ऐकत नाही, पण घर लहान आहे. इकडे थंडी बरी आहे, हळद अजून रानात आहे, मेंढरं धड आहेत. एक बकरी लंगडते, पण ती पहिल्यापासून नाटकी आहे.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे, आमच्या घरी नाताळ झाला.

त्याचं असं झालं. तुमची लेक आमच्या घरात आल्यापासून दर डिसेंबरात एके दिवशी सकाळी शिरा व्हायचा. त्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसायची. शिरा कशाचा विचारलं, की "सहज केला, मामा," म्हणायची. मी पाच वर्षं तो सहज केलेला शिरा दोन-दोनदा मागून खाल्ला. यंदा डिसेंबर लागला आणि आपली नात प्रतिक्षा (साडेचार वर्षांची, चेहरा आपल्यावर गेलाय, आवाज तिच्या आजीवर, म्हणजे सिंधूबाईवर) भर जेवणात म्हणाली, "आबा, आईचा नाताळ यंदा पण गुपचूपच करायचा का?" तव्यावरची भाकरी करपली. अंगद, म्हणजे आपला जावई, भिंतीकडं बघत बसला. त्याला सगळं ठाऊक होतं. मी पाणी पिलो. सिंधूबाई मात्र उठून उभी राहिली. "माझ्या महालक्ष्म्यांना तू तीन दिवस पाय टेकत न्हाईस, अन् तुझा सण चोरून? काहून? यंदा उघड करायचा, अन् मोठा करायचा." सुकन्या म्हणाली, "आत्याबाई, मोठा नको." पण आमच्या घरात लहान काही करायचं म्हटलं तर सिंधूबाईला येतच नाही.

सण कशाचा हे तरी कळावं म्हणून मी सुकन्याला विचारलं. तिनं सगळी गोष्ट सांगितली. देव जन्मला ही खबर सगळ्यात आधी मेंढरंवाल्यांना मिळाली, हे ऐकून मी तिला पुन्हा विचारून घेतलं. (आमच्याकडं मेंढरंवाल्याला ग्रामपंचायतीची खबरसुद्धा सगळ्यात शेवटी मिळते.) तेव्हापासून मी हा सण आपलाच धरला. सिंधूबाईला मात्र ती गोष्ट निम्मीच पटली आहे. थंडीच्या दिवसांत बाळंतिणीला गोठ्यात ठेवलं, त्या गावात एक बाई नव्हती काय, असं ती अजून विचारून राहिली.

मग फराळ. आपल्याकडं शेजारी चार घरी देतात म्हणे. सिंधूबाईनं चाळीस घरं धरली आणि वरून पलीकडचा तांडा. तीन दिवस घरात मैद्याचा धुरळा. करंज्या, शंकरपाळे, अनारसे. डबे पोचवायला मी आणि अंगद. आता एक गोष्ट आपल्याला शहरात राहून माहीत नसेल. आमच्या गावात डबा रिकामा परत येत नाही. लोक विचारायचे, "कशाचं?" मी म्हणायचो, "नाताळाचं, नुसतं खा." खायचे, पण डबा भरूनच पाठवायचे. शेंगा, तीळ, हळकुंडं, एकीनं तर खणच कोंबून पाठवला. मला चैन पडेना. आपण दिलं, त्यांनी दिलं, म्हणजे पुन्हा आपल्यावरच आलं की! म्हणून मी पुन्हा डबे भरले. सिंधूबाईचे अनारसे संपले, पण आमची लाज संपेना.

तांड्यावरचा धर्मसिंग माझा जुना दोस्त. त्यानं करंज्यांच्या बदल्यात कोंबडा आणून दिला. मी लगेच त्याला घोंगडी नेऊन दिली. दुपारी तो दोन पायल्या तूर खांद्यावर घेऊन दारात उभा. "नामाजी, तू मला लाजवून राहिला का?" मी रागानं एक कोकरू धरलं आणि त्याच्यापुढं केलं. तो तूर घे म्हणतो, मी कोकरू घे म्हणतो, कोकरू दोघांना शिव्या देतंय. तेवढ्यात पिठाच्या हातानं सुकन्या बाहेर आली. "मामा, कोकरू सोडा. काका, तूर खाली ठेवा अन् आत या. नाताळाचं परत करायचं नसतं. नुसतं आनंदानं घ्यायचं."

धर्मसिंगनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. आनंदानं नुसतं घ्यायचं, हे आम्हा दोघांना साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तूर आमच्याकडं राहिली, घोंगडी त्याच्याकडं. (कोंबड्याचं विचारू नये. संध्याकाळी पाहुणे होते.) त्यानं सुकन्याच्या हातचा केक खाल्ला आणि चटणी मागितली. एकंदरीत केक चांगला झाला होता.

अंगदनं गोठ्यावर बांबू लावून दिव्याची मोठी चांदणी टांगली. दिवेलागणीला औंढ्याकडं निघालेले दोघे जण मोटरसायकल थांबवून आत आले आणि खाटेवर बसून दोन चहा सांगितले. सिंधूबाईनं चहा दिला, वर करंज्या दिल्या. पैसे देऊ लागले तर हिनं घेतले नाहीत. जाताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ह्यांचा धाबा काही चालत न्हाई बघ." मग गाव आलं. किती माणूस जेवलं ते मोजलं नाही. सुकन्यानं प्रतिक्षाला घेऊन आपल्याकडचं एक गाणं म्हटलं. पाठ फक्त त्या दोघींना होतं, पण शेवटच्या ओळीला सगळा तांडा टाळ्या देत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यापुढं एक कोपरी ठेवली. स्वतः शिवलेली, जुन्या कोपरीवरून माप घेऊन, आतून खिसा. मी सवयीनं ओवाळणीसाठी कनवटीला हात घातला. ती नुसती बघत राहिली. मी हात काढून घेतला आणि कोपरी अंगात घातली. चांगली बसली. खांद्यात जरा आवळते, पण ते कोपरीमुळं नसावं.

विहीणबाईंना नमस्कार. कळावे.

आपला,
नामाजी

ता. क. केक चांगला झाला होता असं वर लिहिलं आहे. तो फुगलाच नव्हता, बसला होता. पण सुकन्यानं वाचलं तर, म्हणून तसं लिहिलं. हे पत्र तिला माहीत नाही.

ता. क. दुसरा. सहा वर्षांमागं सोयरिकीच्या बोलणीला आलो, तेव्हा जालन्यात आपल्या ओसरीवर मी म्हणालो होतो, "पोरगी द्या, पण तुमचे सण तुमच्या उंबऱ्याच्या आत ठेवा." आपण लग्न लावून मंडपातून न जेवता गेलात आणि आमचं घर अजून पाहिलं नाहीत. पोरीनं ते बोलणं दारामागून ऐकलं असणार. नाहीतर शिरा सहज झाला नसता. चूक माझी होती. हे लिहायला आठ दिवस लागले. आता दोघं या. गुडघा दुखत असेल तर अंगद गाडी घेऊन येईल. आपण येईपर्यंत चांदणी उतरवायची नाही, असं सिंधूबाईनं ठरवलं आहे.

ता. क. तिसरा. उत्तर पत्रानं पाठवू नका, फार वेळ जातो. फोन करा. फोन सिंधूबाई उचलेल. मी जवळच बसलेला असेन, पण मला लगेच बोलता येईल असं नाही. आपण थोडं थांबावं, ठेवू नये.