थोरली शेवटची ओळ गात नाही

चि. धाकटे,

दादाचा आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? माझे विचारू नकोस. ते फक्त भाषणाला उभे राहिल्यावरच दुखायचे थांबतात.

थोरल्या बहिणीच्या गाण्याने ज्यांच्या डोळ्याला कधी डोळा लागला नाही, अशा पीडितांची जगात एकच संघटना आहे आणि तिचे सभासद आपण दोघे. आपले गाऱ्हाणे जुने आहे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ही दौऱ्यावर गात होती आणि आईचे सगळे आपण काढत होतो. त्यानंतर तू तिच्याशी बोलणे टाकलेस. योग्यच केलेस, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगेन. (व्यासपीठ नसले तरी सांगतो, असे तुझ्या वहिनीचे म्हणणे.)

तर थोरली पुन्हा रेकॉर्डिंगला बसली आहे. तुम्हा दोघींच्या ज्या एकुलत्या रेकॉर्डला तेव्हा कुत्रे विचारत नव्हते, तिचे आता भक्त झाले आहेत. सगळे दाढीवाले, सगळे गंभीर. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. मला काचेमागे बसवून शिंकायचीही बंदी केली. थोरली गायली. आवाज घासलेला, पण खणखणीत. कडव्याच्या शेवटच्या ओळीपाशी मात्र ती थांबली, शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिली आणि ओळभर वेळ गेल्यावर पुढचे कडवे उचलले. प्रत्येक कडव्याला हेच. निर्माता डोळे पुसत म्हणाला, "काका, काय हे मौन! साक्षात मृत्यू बोलतोय." माझा पारा चढला. अरे शहाण्यांनो, म्हणालो, मौन कसले डोंबलाचे, ती धाकटीची ओळ आहे! आणि मग बराच वेळ बोललो. (कुठलेसे बटण चालू होते. भाषण आत ऐकू गेले, शिवाय रेकॉर्डही झाले. निर्मात्याला तेही आवडले.)

थोरली बाहेर आली. "ओरडतोस काय? तिची ओळ मी कशी गाऊ?"

"अगं, पण ती इथे नाही."

"म्हणून तर थांबते."

तू यावेस असे मी मुळीच म्हणत नाही. स्वाभिमान ही मोठी गोष्ट आहे.

तुझा,
दादा

ता. क. तिच्या घशात गाठ आहे. सोमवारी स्वरयंत्र काढणार. इतक्या वर्षांनी गायला तयार झाली ती म्हणूनच. तुला कळवू नये अशी तिने शपथ घातली होती; मोडली.

आणखी एक. वरचा एकही शब्द मी मागे घेत नाही. तिला माफ करू नकोस. बोलूही नकोस. फक्त शनिवारी सकाळी स्टुडिओत ये, तिच्या शेजारी उभी राहा आणि ती थांबली की तुझी ओळ गा.